सोड

वाटीच्या कडेवर तेलाचा एक थेंब येऊन थांबला होता. पडत नव्हता, मागेही जात नव्हता. आक्काने तेल जरा जास्तच तापवलं होतं, बोट बुडवलं तर चटका बसला, म्हणून चिंधू वाटी जमिनीवर ठेवून नुसता बसून होता – आणि नुसतं बसलं की त्याचं हे असं व्हायचं. हाताला काम नसलं की डोकं कामाला लागायचं.

आठवडाभर बरं असायचं. भिवंडीत लूमवर बीम हलवायचं झालं की सेठ त्यालाच हाक मारायचा, "पैलवान, जरा हाथ लगाव," आणि सुताचं ते धूड एकदा खांद्यावर आलं, मागांचा खडखडाट कानात भरला, की आत दुसऱ्या कशाला जागाच उरायची नाही. पण शुक्रवारी लूम बंद. शुक्रवारी तो टेमघरहून सायकलवर कोनला यायचा, केसरीनाथ वस्तादांना तेल लावायला.

"आता निवलं आसल," आक्का दारातून म्हणाली. ही वस्तादांची बायको. तालमीतल्या सगळ्या पोरांना तिनेच दूध पाजलं होतं, चिंधूला जरा जास्त. "रातभर डोळ्याला डोळा न्हाय त्यांच्या. येकच चाललंय. पानी दिलं तरी सोड, न्हाय दिलं तरी सोड."

खाटेवर वस्ताद छताकडे बघत पडले होते. अर्धांगाने उजवी बाजू नेली आणि तिच्याबरोबर वाचाही नेली. सगळी नेली असती तर एक वेळ चाललं असतं… पण जाताना एक शब्द मागे राहिला. सोड. भूक लागली, सोड. डास चावला, सोड. ठाण्याचा डॉक्टर म्हणाला होता, होतं असं कधीकधी, तोंडात बसलेला एखादा शब्द तेवढा उरतो, त्याला काही अर्थ नसतो, मनाला लावून घेऊ नका. आता डॉक्टरला काय सांगणार? डॉक्टर बिचारा कधी कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरलेला नव्हता.

मातीचा कायदा एवढाच: पाठ लागली की कुस्ती संपली. समोरच्याची पाठ टेकली रे टेकली की वस्ताद हौद्याच्या काठावरून गरजायचे – "सोड!" – आणि त्या क्षणी सोडायचं, एक श्वाससुद्धा जास्त धरायचं नाही. वर हात द्यायचा, पडलेल्याला उठवायचं, त्याच्या पाठीवरची माती आपल्या हाताने झाडायची. "पडलेल्याच्या उरावर बसायला पैलवान कशाला पायजे?" वस्ताद म्हणायचे. "त्ये म्हशीलापन जमल." एकदा चिंधूने रागाच्या भरात जरा जास्त धरून ठेवलं, तर आठवडाभर त्याला मातीला पाय लावू दिला नाही. काठावर उभा राहून तो दुसऱ्यांच्या कुस्त्या बघायचा, मातीत कालवलेल्या ताकाचा नि हळदीचा तो ओलसर वास नाकात घ्यायचा आणि रडायचा. त्यानंतर पुन्हा कधी त्याला उशीर झाला नाही. 'सोड' कानात पडायच्या आधीच हात सुटायचे.

गादीवरचा, परदेशातल्या कुस्तीचा, कायदा वेगळा होता. पतियाळाच्या शिबिरात कोचने तो शंभरदा घोकून घेतला होता – दोन्ही खांदे टेकवून दाबून धरायचे, पंचाचा हात गादीवर आपटेपर्यंत धरायचे, "छोडना नहीं, पहलवान, छोडना नहीं!" – आणि चिंधूला तो झोपेतसुद्धा पाठ होता. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्याला सगळं ठाऊक होतं.

स्पर्धा बल्गेरियात, सोफियाला होती. तिथल्या त्या दिवाणखान्यासारख्या उजळ, अवाढव्य हॉलमध्ये मातीचा वास नव्हता, नव्या चपलांच्या दुकानात येतो तसला वास होता. समोर लाल मानेचा बल्गेरियन, अंगाने चिंधूहून सवाई. लाउडस्पीकरवर कुणीतरी त्याचं नाव 'चिंडू, चिंडू' असं पुकारलं तेव्हा त्याला हसूच आलं होतं; कोट चढवलेला, विमानातून आलेला हा चिंडू कोण बुवा. आणि मग दुसऱ्या फेरीत त्याची ढाक बसली, समोरच्याला उचलून आपटायचा तो डाव. अशी बसली की कोनच्या तालमीतसुद्धा कधी तशी बसली नव्हती – लाल मान हवेतून गेली, दोन्ही खांदे धप्पकन गादीला टेकले, ते त्याने छातीखाली टेकलेले जाणले… आणि कानात, अगदी कानाशी, कुणीतरी गरजलं. सोड.

त्याने सोडलं. नुसतं सोडलं नाही, उठला, आणि खाली पडलेल्याला उठवायला हात पुढे केला.

बल्गेरियनने तो हात घेतला. मनगटाजवळ घेतला, पक्का घेतला. त्यापुढचे चिंधूला छताचे दिवे तेवढे आठवतात. त्या माणसाने मात्र त्याला शहाण्यासारखं दाबून धरलं, पंचाचा हात आपटेपर्यंत.

गावाने याची गोष्ट करून टाकली. आमचा चिंधू मोठ्या मनाचा, हरलेल्याला हात द्यायला गेला. कसलं मोठं मन! मनाचा तिथे संबंधच आला नाही, हात आपले आपण सुटले. पण गोष्ट निदान गोड होती, तीच चालू दिली असती तर काय बिघडत होतं? भिवंडीत शाळेच्या पटांगणावर सत्कार झाला, पुढच्या रांगेत गुलाबी फेटा बांधून वस्ताद बसले होते, आणि कुणीतरी माइकजवळ तोंड नेऊन विचारलं, "पैलवान, हातातली कुस्ती गेली कशी?" जिभेला हाड नसतं. चिंधू म्हणाला, "मातीत शिकलो तेच नडलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या कोण जाणे, सत्कारात वाजवायच्याच असतात. वस्तादांनीसुद्धा वाजवल्या. ते त्याने व्यासपीठावरून बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हौद्यातली माती खणली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोरं काही दिवस येऊन परत गेली. आता तालमीत भाताचा पेंढा भरलेला असतो. पुढे खूप दिवसांनी आक्काने एकदा तांदूळ निवडता निवडता सांगितलं, रागाने नाही, सहज: "त्या राती घरी आलं, फेटा उतरवला नि म्हनलं, आंगनच वाकडं व्हतं." नाचता येईना अंगण वाकडं, हे तर चिंधूला म्हणायला हवं होतं! सगळ्या गावाने म्हणायला हवं होतं. त्या माणसाने ते स्वतःवर घेतलं, आणि तेही खरं मानून.

आणि इथेच चिंधूची गाडी दरवेळी रुतायची. खोटं बोललो असतो तर माफी मागता आली असती. वस्ताद, चुकलो, खोटं बोललो – पाय धरले की संपलं. पण ते खरं होतं. त्या सवयीनेच तर घात केला. फक्त तेवढंच खरं नव्हतं… ती ढाकसुद्धा मातीतलीच होती. त्या आडदांडाला हवेत उडवणारे हात याच माणसाने घडवले होते, ते माइकवर सांगायचं राहून गेलं. मग गुडघा गेला, पुढच्या निवडीत नाव आलं नाही, मधे आणीबाणी येऊन गेली, आणि तो सायकलवर कोनच्या फाट्यापर्यंत येऊन कितीदा तरी मागे फिरला. झटक्याची बातमी कळली तेव्हा कुठे पुरता आत आला. बैल गेला नि झोपा केला.

तेल निवलं होतं. त्याने वस्तादांना कुशीवर घेतलं, खांद्यापासून कमरेपर्यंत तळवा ओढला. कातडी सैल झाली होती, पण खाली, खोलवर, पाठ अजून होती. बराच वेळ तो चोळत राहिला. मग एक हात मानेखाली, एक कमरेखाली घालून त्याने त्यांना हळूच उताणं केलं, आणि पाठ गोधडीला टेकली.

"सोड," वस्ताद म्हणाले.

हात सुटले. आपले आपण. चिंधूला ते इतकं लागलं की एवढे शुक्रवार जे बोलायचं राहिलं होतं ते वेडंवाकडं बाहेर पडलं.

"वस्ताद, मी माइकवर बोललो ना… त्ये खोटं न्हवतं. पन अर्धंच व्हतं. ढाक तुमचीच व्हती. त्ये बोलायचं राहिलं माजं."

वस्तादांनी मान वळवली. डावा डोळा त्याच्यावर स्थिर झाला, उजवा आपला भलतीकडेच.

"सोड."

म्हणजे काय? जाऊ दे पोरा, असं? की नको तो विषय, असं? की तीच हौद्याच्या काठावरची हाक? की नुसतं पाणी? त्याने आवाज पुन्हा मनात घोळवून बघितला. त्यात राग शोधला, माया शोधली. एकाच शब्दात सगळं बसत होतं आणि काहीच ठरत नव्हतं. त्यांना उशीला टेकवून बसवावं म्हणून त्याने हात पुढे केला.

वस्तादांनी तो घेतला. डाव्या हाताने, मनगटाजवळ, अंगठा नेमका शिरेवर. पक्का.

"पानी मागतात काय रं?" आक्काने चुलीपासून विचारलं.

"न्हाय… म्हंजे, ठाव न्हाय, आक्का."

मनगट आतल्या बाजूला वळवलं की ही पकड सुटते. पहिला धडा तो, याच हाताने दिलेला. चिंधूने मनगट वळवलं नाही. उलट आपलीही बोटं त्याने त्या म्हाताऱ्या मनगटाभोवती हळूहळू मिटली.

"सोड," वस्ताद पुन्हा म्हणाले, आणि स्वतः सोडलं नाही.

काठावरच्या त्या आठवड्यानंतर पहिल्यांदा ते ऐकूनही चिंधूने धरून ठेवलं.