दुसरा घास

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बुआवन आईच्या खोलीत गेली, तेव्हा भाताची टोपली उघडी होती. झाकण दोरीला लोंबत होतं. आतला रात्रीचा चिकट भात जसाच्या तसा, वरून वाळून टणक झालेला.

सवन्नाखेत शहरातल्या त्या गल्लीत जेवण झाल्यावर टोपली उघडी टाकणं म्हणजे घर मोडायला निघाल्याची खूण. लहानपणी बुआवन एकदा झाकण लावायला विसरली होती, तेव्हा याच आईनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला होता की दोन दिवस वळ राहिला.

"आई, झाकण राहिलं."

"राहिलं नाही. मीच ठेवलंय उघडं."

बहात्तर वर्षांच्या आईनं, पेंगनं, भिंतीकडे तोंड फिरवलं. बुआवननं झाकण लावलं. दुपारी येऊन बघितलं तर टोपली पुन्हा उघडीच.

डिसेंबरात पेंगला क्षय निघाला. थोरली लेक विएंगखाम हिनं राजधानीतून फोनवर नियम घालून दिले: खोली वेगळी, टोपली वेगळी, चमचा वेगळा. सुरुवातीला काळजी घ्यायलाच हवी होती, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण अकरा दिवसांपूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं की आता संसर्गाची भीती नाही, औषध चालू ठेवा, सगळ्यांबरोबर जेवायला हरकत नाही. काट्याकडे बघत त्यांनी विचारलं होतं, खोकला गेला, मग वजन दोन किलोनं उतरलं कसं? बुआवनला उत्तर माहीत होतं. पन्नास वर्षं ताटाभोवती माणसं बसवून जेवलेली बाई एकटी भिंतीसमोर किती जेवणार?

तरी विएंगखाम फोनवर म्हणाली, एप्रिलात नव्या वर्षाला माझी मुलं यायची आहेत, तोवर आहे तसंच राहू दे. आणि बुआवन "बरं" म्हणाली. डॉक्टरांचा कागद कपाटात गेला. ताईचा राग तर तिला आलाच होता, पण त्याहून जास्त राग स्वतःच्या त्या "बरं"चा होता. घर सांभाळायला धाकटी म्हणून ती राहिली होती, आणि घरात कोण कुठे जेवणार हे मात्र बसनं आठ तास लांब राहणारी थोरली ठरवत होती.

नव्या वर्षाच्या तयारीला मुलांच्या आधी येणाऱ्या विएंगखामची बस त्याच दिवशी चारला आली. तिचं सामान आत जायच्या आधीच बुआवननं मातीचा खल उचलला आणि आईपुढे आणून आदळला.

"आजपासून चटणी तूच कर. आम्हाला बाजारची जात नाही."

"माझी जीभ तर कधीची रजेवर गेलीय," बुआवनचा नवरा थोंगसाय चुलीपाशी मासा उलटत म्हणाला.

पेंग हसली नाही. पण उठली. मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या, लसूण टाकला, वांगं भाजलं. सोलताना वांग्याचा एक तुकडा तोंडात गेला, मग आणखी एक. बत्त्याचा आवाज गल्लीपर्यंत पोचला, तशी शेजारीण कुंपणावरून म्हणाली, आलात का परत? पेंग म्हणाली, गेले कुठे होते, डांबून ठेवलं होतं.

सव्वासहाला ताट मांडलं. मध्ये भाताची टोपली, मासा, बांबूच्या कोंबांचं कालवण, चटणीची एकच वाटी. चौघं चटईवर बसली. विएंगखामनं पर्समधून चमचा आणि झाकणाचा डबा काढून आईपुढे ठेवला आणि समजावणीच्या सुरात म्हणाली की हे सगळ्यांच्याच भल्यासाठी आहे.

बुआवननं डॉक्टरांचा कागद तिच्या मांडीवर टाकला. "वाच. मोठ्यानं वाच, ताई."

विएंगखामनं मनातल्या मनात वाचला. मग म्हणाली, "डॉक्टर लिहितात. उद्या मुलांना काही झालं तर डॉक्टर येणार आहेत का?"

"आणि हिला काही झालं तर तू येणार आहेस का?"

कुणी ताटाला हात लावला नाही. या घरात पहिला घास आईचा. तिनं घेतल्याशिवाय इतरांचा हात पुढे जात नाही. गेले तीन महिने ती खोलीत होती, तेव्हा थोंगसायच सुरुवात करायचा, तीही खाली मान घालून. आज ती समोर होती आणि तिचे हात मांडीवर होते. माशाची वाफ विरली.

मग पेंगनं चमचा उचलून डब्यात टाकला आणि डबा मागे सरकवला.

"पहिला घास मी घेते," ती म्हणाली. "दुसरा विएंगखामचा. याच वाटीतून. मग बाकीच्यांनी जेवा. आणि तिला नको असेल, तर उद्यापासून मी जेवत नाही. खोलीत नाही, इथेही नाही."

तिनं भाताचा गोळा वळला, चटणीत बुडवला आणि सावकाश चावून खाल्ला.

बुआवन बहिणीच्या हाताकडे बघत होती. विएंगखामनं टोपलीतून भात घेतला, बोटांनी वळला. एकदा वळला, पुन्हा वळला. सहा वाजून चाळीस मिनिटांनी तो गोळा तिच्या मुठीतच होता, आणि वाटीत आईच्या बोटांचा एकच ओरखडा दिसत होता.