नॉर्बर्टची तालीम

"माझा पावडरचा डबा परत खाली नेला ह्या माणसाने. उद्या चर्चमध्ये मासला जाताना काय पीठ फासू तोंडाला?" आन्ना जिन्यातच पुटपुटली. मागून कॉफी घेऊन उतरणारा तिचा मुलगा रिचर्ड नुसता हसला.

बेसमेंटमध्ये नॉर्बर्ट तोंड पांढरं करून उभा होता. साठी उलटलेला वसईकर. कनाटा नावाच्या उपनगरातल्या एका फोन कंपनीत हँडसेटला कान लावून खरखर शोधण्यात अठरा वर्षं गेली, मग मंदीत घरी बसला. जीव मात्र तरुणपणी मॉन्ट्रियलमध्ये जमवलेल्या फ्रेंच रॉकच्या तबकड्यांत. सत्तरच्या दशकातली ती मंडळी नुसती गात नसत. तोंडं रंगवत, कुजबुजत, किंचाळत, एकेका गाण्यात अख्खं नाटक उभं करत. तबकडीची बाजू संपेपर्यंत ह्या घरात कोणी बोलायचं नाही, हा नियम मासपेक्षा कडक.

येत्या गुरुवारी कम्युनिटी रेडिओने त्याला तासभर दिला होता. लाइव्ह. तबकड्या लावायच्या, लोकांचे फोन घ्यायचे. आज त्याची तालीम.

"रेडी?" त्याने सुई टेकवली, डोळे मिटले.

तबकडी फिरू लागली. आवाज नाही. सकाळी व्हॅक्यूम करताना आन्नाने काढलेला अँप्लिफायरचा प्लग तसाच लोंबत होता. सुईची तेवढी बारीक चिरचिर.

रिचर्ड उठायला गेला. आन्नाने त्याचा हात दाबून धरला.

वीस मिनिटं नॉर्बर्ट त्या शांततेत राजा झाला, भिकारी झाला, कोणाच्या तरी पाया पडला. शेवटी आ वासून मान मागे टाकली. तिथे किंकाळी असते, हे दोघांनाही पाठ होतं.

त्याने डोळे उघडले. कपाळावरून घामाचे ओघळ. "कसं झालं? बेस जरा जास्त वाटला काय?"

"नो, नो. साउंडेड ग्रेट, डॅडी."

"आन्ना, तुला?"

दोन वर्षं घरातले सगळे फोन तीच उचलत होती. टीव्हीवर खाली अक्षरं लावून, मलाच वाचायला आवडतं म्हणत होती. ती उठली, दिव्याखाली त्याच्यासमोर उभी राहिली, ओठ नीट दिसतील अशी.

"तुम्हाला ऐकू येत नाही, नॉर्बर्ट," ती म्हणाली. "गुरुवारी नका जाऊ."