न धाडलेली गौराई

पारोळ्याच्या अलीकडच्या त्या खेड्यात सज्जनबाई शेठाणींच्या पडीक बागेत पाय टाकायची कुणाची छाती नव्हती. वच्छीची होती. मराठी सातवीत ती तालुक्यात पहिली आली होती, आणि तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटत नसे. शिवाय शेठाणींनी शब्द दिला होता : आखाजीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत, बाग माणसात आण, मग जळगावला माझ्या घरी राहून पुढं शीक. वडील म्हणाले होते, "त्या नेत असतील तर जा. नाहीतर आखाजीनंतर मांडव घालतो."

वच्छी विळा घेऊन घुसली. तीस वर्षांची घाणेरी डोक्याच्या वर गेलेली. ती तोडली तशी आतून बाग निघाली : मोगरा, जुई, सोनचाफा, भर चैत्रात लाह्यांसारखा फुटलेला. पण पाणी कोण घालत होतं? विहिरीवर दोर नव्हता, तरी झाडांची आळी रोज सकाळी ओली. आणि काठावर ओली पावलं, दोन बोटांएवढी.

"खार असेल," वच्छी मोठ्याने म्हणाली. खारीला टाच कुठली, याचा विचार करायचा नाही असं तिने ठरवलं.

आखाजीला चार दिवस उरले, आणि विहिरीच्या भिंतीतला कोनाडा मोकळा झाला. आत वीतभर लाकडी गौराई. रंग पार उडालेला, पण गळ्यात ताजा गजरा. पुढ्यात मातीच्या परळात गव्हाचे पिवळे कोंब.

हे ऐकून आईची, मंजुळाबाईची, भाकर तव्यावर करपली. "पलेगना सालले शेठनं बठ्ठं घर पयी गयं. गौराई बसाडेल व्हती, तिले सासरले कोन्ही धाडीच नही. ती आजून माहेरलेच शे, पोरी. बाग तिनाच जीववर फुलस." आखाजीला गौराई नदीत सोडून सासरी धाडायची असते; प्लेगात पळालेल्या घराकडून ते राहूनच गेलं होतं.

"मग राहू दे अजून चार दिवस," वच्छी म्हणाली. "तिला कुठं घाई आहे? मला आहे."

दुसऱ्या दिवशी कोनाड्यापुढे आणखी एक गजरा होता, माणसाच्या मापाचा. शेजारी दुसरा परळ, नुकताच पेरलेला. वच्छी मागे फिरली, तर काल तोडलेली घाणेरी फाटकात आडवी उभी. ती कापून बाहेर पडेपर्यंत तिचे दोन्ही दंड ओरबाडून निघाले.

गौराईला सोबतीण हवी होती.

वच्छी दोन दिवस जेवली नाही. धाडावी, तर बाग जाते आणि जळगाव जातं. ठेवावी, तर आपणच इथून जात नाही.

आखाजीच्या सकाळी गावातल्या पोरी झोक्यांवर गात होत्या. वच्छीने एकटीनेच गौराईची ओटी भरली, सांजोऱ्यांची शिदोरी बांधली आणि बोरी नदीच्या डोहात तिला सोडली. लाकूड ते, तरंगायला हवं होतं. धोंड्यासारखं खाली गेलं.

ती परतली तेव्हा मोगऱ्याचा खराटा झाला होता. फूल नाही, पान नाही. तीस वर्षांचं ऊन जणू एका सकाळी लागलं होतं.

दुपारी शेठाणींची बैलांची दमणी आली. त्या फाटकाशीच थबकल्या.

"बाग कुठंय गं?"

"होती. मी गौराई धाडली, बाई."

शेठाणी धुळीतच खाली बसल्या. "नवी सून होते मी तेव्हा. तिला धाडायची पाळी माझी होती. घरात दोन मढी पडलेली. भ्याले, पळाले."

"शब्द बागेचा होता," वच्छी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"हो. आणि माझी पाळी तू निभावलीस. पेटी आण जा."

वच्छी पेटी घेऊन धावत आली. ती दमणीत चढवताना तिची बाही वर सरकली. मनगटाभोवती इवल्याशा मुठीचे निळे वळ होते.

"डोहात सोडत नव्हती," ती म्हणाली. "मलाच बोटं उकलावी लागली."

सज्जनबाईंनी आपला पदर त्या मनगटावर ओढला आणि त्या गाडीवानाला म्हणाल्या, "नदीकडून नको. लांबच्या रस्त्याने घे."