दोन्ही टोकांना लॉक

साहेब, पालिकेचे इंजिनिअर असून तुम्ही खोटं लिहिलंत. 'किरकोळ भेग, इमारत राहण्यास योग्य' असं लिहून खाली सही ठोकलीत, आणि ज्या खांबाबद्दल लिहिलंत त्याला साधं बोटसुद्धा लावलं नाहीत. खालच्या टाइल्सच्या शोरूममध्ये, एसीखाली बसून लिहिलंत. चहा तेवढा उत्तमच्या घरून मागवलात.

ते पत्र उत्तमच्या बाकावर पसरलेलं होतं आणि त्याच्यावर इशिताच्या गिटारचे स्क्रू मांडून ठेवले होते. कागद त्याच लायकीचा होता.

उत्तम गिटार दुरुस्त करतो. तीस वर्षं झाली. सिल्व्हर पार्कच्या मागे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरची कारखाना, आतली संसार. इशिता दिवसा बँकेत टाय लावलेल्यांना हसून दाखवते आणि रविवारी स्टेजवर आग ओकते.

"काका, ब्रिजचा हा दांडा दाबला की सूर परत जागेवर येतच नाही."

"येणार कसा? धारा बघ, पार झिजल्यात. तारा अडकवलेला हा ब्रिज दोन खुंट्यांवर सुरीच्या धारेसारखा टेकतो. पुढून सहा तारा ओढतात, मागून पोटातल्या तीन स्प्रिंगा. हा मधे अधांतरी. धार गेली की तोल गेला."

नवा ब्रिज आणला होता, पण त्याच्या खुंट्यांमधलं अंतर दोन मिलिमीटरने जास्त. उत्तमने जुनी भोकं सागवानाने बुजवली, सरस सुकू दिला, मग नवी पाडली. ठोकाठोकी नाही, हाताने, अंदाज घेत. मग तारा. एक चढवली की बाकीच्या पाच उतरायच्या. त्या चढवाव्यात तर पहिली उतरायची. पाऊण तास तो न वैतागता तेच करत राहिला. मागचे स्प्रिंगचे स्क्रू पाव पाव फेरा पिळत ब्रिज सपाट आणला आणि शेवटी मानेवरच्या पट्ट्या आवळून तारा लॉक केल्या.

"आता दोन्ही टोकांना लॉक. वरच्या चाव्या कितीही पिळ, सूर हलायचा नाही. ओढ दांडा."

तिने दांडा तळापर्यंत दाबला, सोडला. सूर जागच्या जागी.

"काका, तुम्ही भूत आहात!"

तेवढ्यात मागच्या खांबात कट् असा आवाज झाला आणि बाकावर चिमूटभर चुना सांडला. दोघांचं हसू तिथेच थांबलं.

"ही भेग मागच्या आठवड्यात स्विचबोर्डपर्यंत नव्हती, काका."

"वाढतेय. शोरूमवाल्याने गाळा मोठा दिसावा म्हणून खालून खांब तासलाय. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, वाढतेय हे कशावरून? मोजलंत का?"

बोलता बोलता उत्तमचं लक्ष हातातल्या जुन्या ब्रिजकडे गेलं. धारा गेल्या होत्या, पण पकड शाबूत होती.

इशिता गेल्यावर त्याने भेगेच्या एका बाजूला गिट्ट्या ठोकून जुना ब्रिज बसवला, दुसऱ्या बाजूला एका मोडक्या गिटारच्या मानेवरच्या पट्ट्या. मधे सगळ्यात बारीक तार. सूर 'ई'ला लावला, ट्यूनरचा काटा मधोमध आणला आणि दोन्ही टोकं आवळली. आता भेग फाकली की तार ताणून सूर चढणार, आणि तार सरकली असं म्हणायची सोय नव्हती. बाजूला पेन्सिलने तारीख लिहिली.

"अहो, लोकांच्या भिंतीवर देव असतात," त्याची बायको मनोरमा म्हणाली. "आपल्याकडे तार."

वरच्या मजल्यावरच्या हंसाबेनला तर खेळच मिळाला. मंदिरात जाता-येता ती आत शिरायची, तार छेडायची. "उत्तमभाई, तमारी दीवाल तो गाती है!"

चौथ्या दिवशी काटा उजवीकडे कलला. सहाव्या दिवशी 'ई'चा 'एफ' झाला. उत्तमने बाकावर तेवढीच तार ताणून पाहिली: अर्धा सूर चढायला अर्धा मिलिमीटर लागतो. म्हणजे सहा दिवसांत भेग तेवढी फाकली होती. त्याने ते कागदावर लिहून पालिकेत साहेबांपुढे ठेवलं.

साहेब आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं हसले. "गाण्याचा क्लास काढलाय का? हे कुठल्या नियमात बसतं? सोसायटीचा ठराव आणा, मग बघू."

ठराव कोण देणार? मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना खाली घातल्या. हंसाबेनच स्पष्ट बोलली. "धोकादायकचा बोर्ड लागला तर आपण जायचं कुठे, उत्तमभाई? घोडबंदरला झाडाखाली? तुम्ही ती तार काढून टाका ना. न बघितलं तर झोप तरी लागते."

उत्तमने तार काढली नाही.

नवव्या दिवशी दुपारी जेवून उठल्यावर त्याने ती छेडली. 'एफ' मागे पडला होता. पुन्हा छेडली, काटा आणखी पुढे. तिसऱ्यांदा छेडली तेव्हा सूर विरायच्या आत, डोळ्यांदेखत काटा सरकत गेला. इतकी वर्षं त्याच्या हाताशिवाय एकही तार कधी चढली नव्हती.

"मनोरमा, चप्पल घाल. काही घेऊ नकोस."

"अहो, पण भात—"

"गॅस बंद कर आणि चल!"

त्याने एकेक बेल दाबली. हंसाबेन पुटपुटत खाली आली, सवयीने आत शिरली आणि तार छेडली. तिचा चेहरा उतरला.

"आ कालवाळो अवाज नथी," ती हळूच म्हणाली. मग तीच जिन्यात उभी राहून ओरडायला लागली. "नीचे! सब नीचे! छोकरांव को लो!" उत्तमपेक्षा तिचं ऐकलं लोकांनी.

चौदा घरं समोरच्या फुटपाथवर आली. कुणाच्या पायात चप्पल नाही, कुणाच्या हाताला कणीक. शोरूमचं शटर चौकट दबून अर्ध्यावर अडकलं होतं. तिघं जण लोंबकळले तरी हलत नव्हतं.

उत्तमने साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"पुन्हा तुम्ही? ठराव आणलात?"

"नाही साहेब. चौदाच्या चौदा घरं आणलीत. फुटपाथवर उभी आहेत, सगळे ऐकतायत."

"म्हणजे काय? कोणाच्या परवानगीने?"

"तेच विचारतोय. तुम्ही म्हणाल तर आत्ताच्या आत्ता सगळ्यांना वर पाठवतो. लहान पोरं पुढे, म्हातारी माणसं मागे."

पलीकडे खुर्ची करकरली.

"सही तुमची आहे, साहेब. पाठवू वर? हो की नाही, बोला."