टबातलं विष

आखातातल्या अल कुसैस वस्तीतल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या नजरा एका प्लास्टिकच्या टबावर खिळल्या होत्या. टबात छायाचे पाय होते आणि यंत्राची वायर सोडलेलं मिठाचं पाणी हळूहळू तांबूस, गढूळ होत होतं.

"बघा!" रेशमी कुर्त्यातले शार्दूलगुरू गरजले. "हे लसींचं टॉक्सिन! तळव्यांतून बाहेर पडतंय. कॅन्सरमधून उठलेल्या शरीराला पुन्हा सुई? हबीबी, पेशी घाबरतात! क्वांटम लेव्हलला घाबरतात!"

पेशींचं माहीत नाही, माणसं मात्र घाबरली होती. हे गुरू पूर्वी जबल अलीत वॉटर प्युरिफायर विकत. आता क्वांटम विकत होते.

छायाची केमो गेल्या वर्षी संपली होती. तिच्याबरोबर केमो घेतलेल्या बानूनं गुरूंचं ऐकून फ्लूची लस टाळली, आणि आता ती फ्लूतून झालेल्या न्यूमोनियानं आयसीयूत होती. त्यावरही गुरूंकडे उत्तर होतं, "तिचं डिटॉक्स अपुरं राहिलं!"

"मग ते आता मी पुरं करते," मागून आवाज आला. बानूवर उपचार करणाऱ्या डॉ. सायरा होत्या, मूळच्या रत्नागिरीच्या. "छायाताई, बानूनंच मला इकडे पाठवलं. पाय काढा बघू बाहेर."

त्यांनी टब रिकामा केला, ताजं पाणी ओतलं, तेवढंच मीठ टाकलं.

"यल्ला, चला गुरुजी, बटण दाबा. टबात पाय न घालता."

"मशीनला मानवी ऊर्जा लागते!"

"प्लगातली पुरत नाही?"

कुणीतरी हसलं. डॉक्टरांनी स्वतःच बटण दाबलं. पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग पहिल्यासारखंच घाण.

"आता हे टॉक्सिन कुणाचं? टबाला कुणी लस टोचली होती?" त्यांनी वायरच्या टोकाची पट्टी वर काढली. "हे लोखंड. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की ते झिजतं. तुम्ही इतके दिवस गंजाला नमस्कार करत होता."

गुरू 'निगेटिव्ह एनर्जी' पुटपुटत वायर गुंडाळू लागले.

छायाला आधी लाज वाटली, मग राग आला. "डॉक्टर, हा माणूस खोटारडा, मान्य. पण तासभर माझ्याशी बोलला तरी! तुमच्याकडे काय, 'फ्लू शॉट घ्या, नेक्स्ट!' मला भीती होती, लसीनं कॅन्सर परत आला तर?"

डॉ. सायरा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"हे आम्ही तेव्हाच विचारायला हवं होतं. ऐका. फ्लूच्या इंजेक्शनमध्ये जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे त्यातून फ्लू होत नाही आणि कॅन्सरही परतत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. पण केमोनंतर प्रतिकारशक्ती कमी असते, साधा फ्लूही छातीत उतरतो. काही लसी जिवंत विषाणूंच्या असतात. त्या कधी घ्यायच्या, घ्यायच्या की नाही, हे तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं. अजून काय विचारायचंय?"

छायानं बरंच विचारलं. मग इतरांनी विचारलं. त्या आठवड्यात तिनं लस घेतली. बानू वाचली, पण अजून जिना चढताना धापा टाकते.

भीती वाटली तर विचारा, उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि डॉक्टरहो, तुम्ही उत्तरं द्या. तुम्ही गप्प राहिलात की कुणीतरी टब घेऊन येतोच.