रॅमला ऊन लागतं

सलग तिसऱ्या शनिवारी स्लाविकाचा सिनेमा मध्येच बंद पडला आणि पडद्यासमोर उभ्या असलेल्या झाडून साऱ्या गाड्यांनी हॉर्न धरला. तो गोंगाट ऐकून वाळवंटातल्या कूबर पीडी गावातली कुत्रीसुद्धा बिळात शिरली असतील. माणसं तर तिथे बिळातच राहतात. ओपल रत्नांच्या शोधात टेकड्या पोखरल्या आणि वरच्या उन्हाला कंटाळून लोकांनी त्याच पोकळ्यांत संसार थाटले, दुकानं मांडली, देवळं केली. उघड्यावर राहिला तो एकटा गाडीत बसून बघायचा सिनेमा आणि त्याची पत्र्याची केबिन.

नवरा गेल्यापासून ती केबिन स्लाविकाच सांभाळत होती. आधी रिळं होती, मग कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटरशीही तिचं छान जमलं होतं. पण कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या थानासीने त्यात रॅमच्या दोन नव्या पट्ट्या बसवल्या आणि तेव्हापासून अर्ध्या-पाऊण तासात पडदा निळा पडू लागला.

सिनेमा समितीचा अध्यक्ष नेव्हिल केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. "अगं स्लाविका, मशीन चांगलं, रॅम नवी कोरी. मग जुनं काय उरलं, तूच सांग."

तो हसत बोलला, पण बोलणं तिच्या काळजाला लागलं.

"पुढच्या शनिवारीही असंच झालं तर चावी दे बाई," तो म्हणाला. "ॲडलेडहून परस्पर सिनेमा सुरू करायची सोय आहे म्हणे. कुणी बसायलाच नको."

सोमवारी सकाळीच ती पट्ट्या घेऊन थानासीच्या दुकानात उतरली. खाली नेहमीसारखा गारवा होता. पट्ट्यांना आयुष्यभराची वॉरंटी होती, पण बदलून देणारे ॲडलेडचे लोक आधी म्हणणार, बिघाड दाखवा. थानासीने पट्ट्या आपल्या मशीनमध्ये घातल्या, तपासणी लावली, दोघांची कॉफी झाली, गावाची उणीदुणी काढून झाली. पडद्यावर सगळं हिरवंगार, एकही चूक नाही.

"घोड्यासारखी धावतेय तुझी रॅम," तो म्हणाला. "मागच्या दोन्ही वेळांसारखीच."

"मग माझ्याच केबिनमध्ये का लंगडते?"

"केबिनमध्ये कोण असतं?" थानासी बोलून गेला आणि लगेच त्याने रिकाम्या कपात तोंड घातलं.

स्लाविका पट्ट्या उचलून तडक वर आली. बाहेर पाऊल टाकताच उन्हाने तिच्या तोंडात मारली. नाताळ जवळ आलेला, म्हणजे तिथला ऐन उन्हाळा, वाराही भट्टीतला. ती चार पावलं चालली आणि थांबली. गाडी कुठे लावली होती, काही केल्या आठवेना. खाली सगळं कसं लख्ख होतं डोक्यात. थानासीच्या मेव्हण्याच्या तिन्ही लग्नांसकट.

ती तशीच मागे फिरून खाली उतरली. "थानासी, दुपारी तीनला तू शेवटचा वर कधी गेला होतास?"

"दुपारी तीनला वर जायला मला काय वेड लागलंय?"

"तेच म्हणते मी. तू जात नाहीस, तुझी तपासणीही जात नाही. माझी केबिन मात्र वरच आहे. दिवसभर तापते ती रात्री सिनेमा संपेपर्यंत निवत नाही."

थानासीने डोकं खाजवलं. "पण जुन्या पट्ट्या त्याच केबिनमध्ये इतकी वर्षं चालल्या."

"त्या जुन्या होत्या. माझ्यासारख्या. तीनला वर ये, बुरेक केलाय, चीज भरून खरपूस भाजलेला. पण मिळेल तो केबिनमध्येच."

बुरेकसाठी थानासी कुठेही गेला असता. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून तो आला. पत्रा असा तापला होता की वर आणखी एक बुरेक भाजून निघाला असता. पट्ट्या बसवल्या, तपासणी सुरू झाली. पहिला तुकडा संपला, हिरवं. दुसरा संपला, तरी हिरवं.

"मी वितळलो की बाटलीत भरून बायकोकडे पोचव," थानासी कण्हला.

आणि पडद्यावर एक लाल ओळ उमटली. मग दुसरी. मग धडाधड लालच लाल.

थानासीने टॉवेल काढून हवेत फिरवला. स्लाविका खुर्चीत बसली आणि रडू लागली. इतके दिवस कुणाला म्हणाली नव्हती, पण तिलाही आतून वाटायला लागलं होतं की आपलीच बोटं चुकतात.

"रडतेस काय? तुझी रॅम नासकी निघाली," थानासी म्हणाला. "अभिनंदन."

दुकानात परतून त्याने ॲडलेडला फोन लावला. पलीकडचा तंत्रज्ञ म्हणाला, "पाठवा, काका. पण आमच्याकडे एसीत तपासतात."

"मग हेअर ड्रायर धर तिच्यावर."

"हेअर ड्रायर कुठला आणू? मला टक्कल आहे."

"बायकोचा आण. आणि घाबरू नकोस, रॅमला आमच्याकडे रोजच असं भाजतं."

पट्ट्या त्याच संध्याकाळच्या बसने गेल्या. बुधवारी त्या टकल्याचा फोन आला. "काका, लालच लाल. बायको म्हणते, ड्रायर परत द्या."

शुक्रवारच्या बसने नव्या पट्ट्या आल्या. थानासी न सांगता भर दुपारी केबिनमध्ये येऊन बसला. या खेपेला बुरेक संपला, पाणी संपलं, तरी पडदा हिरवाच राहिला.

शनिवारी सिनेमाला सारा गाव लोटला. अर्धे तर तो बंद पडताना बघायलाच आले होते. पाऊण तास गेला, तासही गेला. कुणाचाच हात हॉर्नवरून हलेना. स्लाविका घामाने निथळत बसली होती, नजर पडद्यावर.

आणि एकाएकी सगळे हॉर्न वाजले.

तिचा हात सवयीने बटणाकडे गेला. मग तिने नीट पाहिलं. पडद्यावर नावं सरकत होती. सिनेमा संपला होता. एकही गाडी हलत नव्हती, सगळ्या नुसत्या वाजत होत्या आणि पहिल्या रांगेत नेव्हिल दोन्ही हातांनी आपला हॉर्न दाबून बसला होता.

थोड्या वेळाने तो केबिनपाशी आला. स्लाविकाने गळ्यातली चावी काढून त्याच्यापुढे धरली. "घे. कुणी बसायलाच नको ना?"

नेव्हिलने आत डोकावून पाहिलं. आतली गरम हवा तोंडावर येताच तो दोन पावलं मागे सरला.

"राहू दे तुझ्याकडेच," तो म्हणाला. "आणि पुढच्या शनिवारी थोडा बुरेक मलाही ठेव."