आत्याच्या मापाचा कोट

पंचवीस माणसं. नवरानवरी धरून पंचवीस. साठीच्या पुढच्यांनी आणि मोठं दुखणं असलेल्यांनी यायचंच नाही. हॉलच्या माणसानं फोनवर साथीचे हे सगळे नियम वाचून दाखवले, तेव्हा बाबांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली आणि नुसतं "बरं" म्हटलं. ठिणगी मात्र काजाच्या मशीनवरून ताडकन उठली.

"बरं काय बरं? ताईचं लग्न कुणासाठी अलीकडे ओढलं आपण? आत्यासाठी! आणि आता आत्याच बाहेर?"

"हळू बोल, ती आत झोपलीय," बाबा म्हणाले.

"झोपलेली नाहीये," आतून आत्याचा आवाज आला. "ही घरात असताना कोण झोपतंय?"

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. नववीत वर्गातल्या बाई तिला म्हणाल्या, तुझ्या डोक्यात कापूस भरलाय. ही म्हणाली, मग तुमच्या तोंडात का नाही भरला? आणि दप्तर उचलून जी घरी आली ती परत त्या बाजूला फिरकलीच नाही. तेव्हापासून घराच्या पुढच्या दोन खोल्यांत जो गणवेशांचा कारखाना होता, तिथं ती काज-बटणाला बसायची. बाबा कापायचे, आत्या शेवटचा हात फिरवायची. हॉटेलांतले वाढपी, दारावरचे पहारेकरी, दवाखान्यातल्या आया, अर्धं शहर यांच्या हातचे कपडे घालून कामाला जायचं.

आत्या बाबांची थोरली बहीण. ठिणगी दोन वर्षांची आणि ताई नऊ वर्षांची असताना त्यांची आई गेली, तेव्हा आत्या पिशवीभर कपडे घेऊन आठ दिवसांसाठी म्हणून आली होती. ते आठ दिवस पंधरा वर्षं चालले. आता तिच्या पोटातल्या गाठीनं डॉक्टरांनाही हात टेकायला लावले होते. फार तर तीन महिने, ते म्हणाले. म्हणून लग्नाची पुढची तारीख अलीकडे आणली.

आणि ताई? ताई नर्स. साथ सुरू झाली तशी तिची नेमणूक थेट साथीच्या वॉर्डात झाली. पाच महिने ती दवाखान्याच्या वसतिगृहातच राहत होती. घरी पाऊल टाकलं नव्हतं, आत्यामुळेच. लग्नालाही ती वसतिगृहातून सरळ हॉलवर येणार होती, दोन दिवसांच्या रजेवर.

तिचा लग्नाचा पोशाख आत्यानं शिवला होता. अंथरुणात बसून, उशीला टेकून, हातानं. मापं ताईनं फोनवर सांगितली आणि तयार पोशाख बाबांच्या धाकट्या भावानं, काकांनी, वसतिगृहाच्या दारात ठेवला. चाळीस वर्षं शिवणात काढलेल्या बाईनं अंगाला लावून न बघता शिवलेला हा पहिला कपडा. तो ताईच्या अंगावर कसा बसलाय, एवढं एकच आत्याला बघायचं होतं.

"फोनवर बघ ना," ताई त्या रात्री म्हणाली.

"फोनवर माणूस दिसतं गं, कापड नाही दिसत. खांदा कसा पडलाय ते जवळून बघावं लागतं."

"आत्या, नियम मी केलेला नाही. पण तो चुकीचाही नाहीये. मी रोज बघते. तुझ्यासारखी माणसं चार दिवसांत..." ताई थांबली. "तू यायचं नाहीस. ठिणगे, ऐकतेयस ना? तिला आणायचं नाही. माझ्याच लग्नात माझ्यामुळे तिला काही झालं तर मी कुठे तोंड लपवू?"

"तिला तीन महिने आहेत ताई!"

"मग ते तीन तरी राहू देत."

ठिणगीनं फोन आपटला. तो ताईचा नव्हता, बाबांचा होता, म्हणून बाबा कळवळले.

दुसऱ्या दिवशी काका आले. ते हॉलला गणवेश पोचवायला जायचे, त्यामुळे त्यांना तिथलं सगळं ठाऊक. दारातच उभं राहून चहा पिता पिता ते म्हणाले, "गंमत बघा, पाहुणे पंचवीस, पण वाढपी त्यात मोजत नाहीत. त्यांना कुणी वयही विचारत नाही. आपली माणसं वाढपी करून नेली असती तर अख्खं गाव जेवलं असतं!"

काका हसले. बाबा हसले. ठिणगी हसली नाही. तिनं कोपऱ्यातल्या पोत्याकडे बघितलं. त्याच हॉलचे राखाडी कोट त्यात पडले होते. लहान, मधला, मोठा. तीनच मापं.

"मला काही सांगू नकोस," बाबा लगेच म्हणाले. "मला माहीत असलं की माझ्या तोंडावर दिसतं."

ठिणगीनं आत्याला बेत सांगितला तेव्हा ती आधी चिडली. ताईनं नको म्हटलंय ना, मग नको. मग उशीला टेकून उठून बसली. मग म्हणाली, "मी आपली मागे भिंतीला उभी राहीन. तोंडाला पट्टी. कुणाच्या जवळ जायचं नाही. तिच्या तर नाहीच नाही. पाच मिनिटं."

"पाचच मिनिटं," ठिणगी म्हणाली.

"आण बघू तो कोट."

लहान मापाचा आणला. आत्या त्यात उभी राहिली. दुखण्यानं बाईचं पार चिपाड झालं होतं. कोट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. उजवी बाही बोटांच्याही खाली. चाळीस वर्षं मशीनवर वाकून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता, तो त्या कोटात आणखीच केविलवाणा दिसत होता.

"बुजगावणं दिसतेय ना मी?" आत्या हसली. "पक्ष्यांना पळवायला उभी करा मला."

"काढ तो," ठिणगी म्हणाली. "काढ म्हटलं ना!"

तिनं तो अख्खा कोट उसवला. सगळ्या शिवणी. दोन दिवस बसली. उजवा खांदा वेगळा कापला, आतून पातळशी गादी भरली, म्हणजे दोन्ही खांदे सारखे दिसावेत. कमरेला चुणी घेतली. बाह्या मनगटाच्या हाडापाशी आणून थांबवल्या. एकदा बाबा मागून आले, गळपट्टी बोटानं चाचपली, "इथे अर्धं सूत आत घे" म्हणाले आणि काही माहीत नसल्यासारखे निघून गेले.

कोट घालून आत्या आरशापुढे उभी राहिली. डावीकडे वळली, उजवीकडे वळली. "आयुष्यभर लोकांची मापं घेतली मी," ती म्हणाली. "माझं कुणी घेतलं नव्हतं बघ." आणि डोळे पुसायच्या आधी तिनं काजं तपासली. एक उसवायला लावलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी काकांनी आत्याला गाडीतून हॉलच्या मागच्या दाराशी सोडलं. हातात रिकामा ट्रे. ठिणगीचं नाव पाहुण्यांच्या यादीत होतं, तरी ती आत्याच्या मागेमागे चार पावलांवर राहिली.

मागच्या दारावर टेबल टाकून सरकारी निरीक्षक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाशी यंत्र धरायच्या आणि हातानंच पुढे जा म्हणायच्या. सहा वाढपी गेले. सातवी आत्या. यंत्र धरलं, ताप नव्हता. बाईंनी हात हलवला. आत्यानं उंबऱ्यात पाय टाकला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "जरा वळता का?"

आत्या वळली.

"हा कोट कुणी शिवला?"

आत्या गोंधळली. आणि मग जे बोलू नये तेच तिच्या तोंडून अभिमानानं निघून गेलं. "माझ्या भाचीनं."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "माझी आई अशाच हॉलात वाढपाचं काम करायची. तिच्या कोटात आम्ही दोघी बहिणी मावायचो. वाढप्याला अंगाबरोबर बसणारा कोट कुठलाही हॉल देत नाही." मग हळूच विचारलं, "वय किती? आणि दुखणं काय आहे?"

आत्याला खोटं बोलता आलं असतं. पण ती दमली होती, एवढ्या चालण्यानंच. तिनं खरं ते सांगितलं.

"सोडा ना तिला!" ठिणगी मधे घुसली. "पाच मिनिटं! भिंतीला उभी राहील! तुम्हाला काय, आकडे भरायचेत फक्त!"

"गेल्या आठवड्यात सोडलं होतं एकाला," बाई म्हणाल्या. "नवरीच्या आजोबांना. परवा त्यांच्या घरचे मलाच विचारत होते, का सोडलंत म्हणून." त्यांचा आवाज जराही चढला नाही. त्यामुळे ठिणगीला ओरडायला काही उरलंच नाही. तरी ती ओरडली. टेबलाला लाथ मारली, वही खाली पडली. आत्यानंच तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

वळसा घालून दोघी हॉलच्या पुढच्या बाजूला आल्या. समोर रस्ता होता. रस्त्यापलीकडे बंद दुकानाची पायरी. दोघी तिथं बसल्या. आत्याला धाप लागली होती.

"तू जा आत. तुझी बहीण आहे."

"नाही जात."

"ठिणगे."

"नाही जात म्हटलं ना."

आतलं काही ऐकू येत नव्हतं. ठिणगी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होती. लोंबता राहू दिला असता तर काय बिघडत होतं? दोन दिवस राबून तिनं आत्याला दारातच पकडून दिलं होतं. आत्याला ते कळलं असावं. ती म्हणाली, "कोट चांगलाच झालाय हं. त्याला नावं ठेवायची नाहीत."

तासाभरानं हॉलचं पुढचं दार उघडलं आणि ताई बाहेर आली. काकांनी सांगितलं असणार. ती पायऱ्यांच्या वर थांबली. तोंडावर पट्टी, अंगावर आत्यानं शिवलेला पोशाख. आत्या भिंतीला धरून उभी राहिली.

ठिणगीचे डोळे घारीसारखे. तिला लगेच दिसलं, पोशाख ताईला मोठा होत होता. पाच महिन्यांत ती किती वाळली होती! मापं तिनं जुनीच सांगितली असणार, आत्याला काळजी नको म्हणून. कमरेपाशी दोन्ही बाजूंना कुणीतरी पिना लावून कापड आवळलं होतं.

"कसा बसलाय गं?" आत्यानं विचारलं. "मला लांबचं नीट दिसत नाही."

"तंतोतंत," ठिणगी म्हणाली.

"खोटारडी. मला चेहरा नाही दिसत, शिवण दिसते. डावा खांदा उतरतोय." आत्या एक पाऊल पुढे गेली. "दोन टाक्यांचं काम आहे. सुई आहे माझ्याजवळ. दोन टाके फक्त."

"ताई!" ठिणगी रस्त्यावर जाऊन ओरडली. "उतर की खाली! दोन मिनिटं! उतर ना!"

ताईनं मान हलवली. नाही. तिचे खांदे हलत होते, ती रडत होती हे पलीकडूनही कळत होतं. पण ती उतरली नाही. एक पायरीसुद्धा नाही. तिनं दोन्ही हात आत्याकडे केले, लहान मुलं उचलून घे म्हणताना करतात तसे, आणि तशीच उभी राहिली. मग आतून कुणीतरी हाक मारली.

"दगड आहेस तू!" ठिणगी किंचाळली. दार तोवर बंद झालं होतं.

"गप," आत्या म्हणाली. "शहाणी आहे ती. मीच वाढवलीय." आणि मग मटकन पायरीवर बसली.

चौथ्या दिवशी ताईची तपासणी झाली. तिला साथीची लागण निघाली. लग्नाच्या दिवशीही ती अंगात असणार, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ताई बरोबर होती. निरीक्षक बाई बरोबर होत्या. नियमही बरोबर होता. ठिणगीकडे चिडायला कुणी शिल्लकच राहिलं नाही, आणि तिला तर दुसरं काही येत नव्हतं.

आत्याला साथ लागली नाही. तीन महिनेही लागले नाहीत. लग्नानंतर अकराव्या दिवशी, दुपारी, बाबा पाणी आणायला उठले तेवढ्यात ती गेली. ताई तेव्हा वेगळ्या खोलीत बंद होती. तिला शेवटचं तोंडही बघता आलं नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. बराच वेळ नुसते हुंदके. ठिणगी कानाला फोन लावून काजाच्या मशीनपाशी उभी होती.

"बाराच पायऱ्या होत्या गं," ताई शेवटी म्हणाली. "बारा पायऱ्या आणि एक रस्ता. मी उतरायला हवं होतं का? सांग ना. उतरायला हवं होतं का मी?"

नाही, बरोबर केलंस, एवढंच म्हणायचं होतं. ठिणगीला ते माहीत होतं. ते शब्द तोंडात आलेही होते.

"बारा नाही," ती म्हणाली. "नऊ होत्या. मी मोजल्या."

पलीकडे ताईला खोकला आला. कोरडा, लांबलेला, थांबेचना.

"ताई," ठिणगी म्हणाली. "ए ताई. पाणी पी आधी. ठेवू नकोस फोन. ऐकतेयस ना? पाणी पी."